माधुरी पळून गेली नाही, पळून जगली

माधुरीच्या दहाव्याला नात्यातल्या एक अक्का उंबऱ्यातच म्हणाल्या, "पयी पयीसन गयी पोर." पळून पळून गेली म्हणे! जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या. मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि आत निघून गेले... तेव्हा गप्प बसले, म्हणून आज लिहिते आहे.

माझी ही धाकटी बहीण तेवीस वर्षं जगली. तिला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस होता. छातीत चिकट कफ साचायचा, सुटायचा नाही, पुन्हा पुन्हा ताप यायचा. पापा घेतला की पोर खारट लागते, असं आई सगळ्यांना सांगायची. आजाराची खूण तीच होती, पण शिरपूर-धुळ्यात कुणी ऐकून घेतलं नाही. दोनदा टीबीची औषधं दिली. बाराव्या वर्षी मुंबईत घामाची तपासणी झाली, तेव्हा कुठे नाव कळलं. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी बजावलं की औषधांच्या जोडीला हिला रोज पळू द्या, उड्या मारू द्या, दम लागला की कफ सुटतो. आणि तोवर शाळेनं पीटीच्या तासाला तिला झाडाखाली बसवून ठेवलेलं... मायेनं!

कॉलेजात गेल्यावर ती तिथल्या मैदानावर सकाळी पळायची. मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली बरोबर. दोन फेऱ्या झाल्या की खोकायची, रुमालात कफ काढायची, पुन्हा पळायची. दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. मग फिरायला येणाऱ्यांनी तक्रार केली की मुलगी रोगट आहे. क्रीडाशिक्षकांनी तिला फाटकाबाहेर काढलं. हा आजार कुणाला लागत नाही, असं डॉक्टरांचं पत्र घेऊन मी माधुरीबरोबर सरांकडे गेले. त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही. तिला घरी आराम करू द्या, म्हणाले. मी मान हलवून परत फिरले. वाटेत माधुरी एवढंच म्हणाली, "ताई, तू भांडायला हवं होतंस."

हो. हवं होतं.

मग ती गच्चीवर दोरीच्या उड्या मारत राहिली. या हिवाळ्यात फुप्फुसांत संसर्ग झाला आणि धुळ्याच्या दवाखान्यातच ती वारली. मैदान मिळालं असतं तर वाचली असती, असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. पण जी वर्षं मिळाली, ती तिनं पळून मिळवली होती. ती आम्ही कमी केली... आराम देऊन.

काल आई गच्चीवर पापड घालायला गेली. उन्हानं घर तापू नये म्हणून मारलेला चुना एका जागी दोन पावलांएवढा झिजलाय, रोजच्या उड्यांनी. आमचे वडील, आबा, म्हणाले, उन्हाळ्याआधी पुन्हा चुना मारून घेऊ. आईनं पापडांची चादर त्या जागेच्या अलीकडेच दुमडली.

"मारा," ती म्हणाली. "तेवढी जागा सोडून मारा."