डॉक्टरांची शिंक

निपाणीत आमच्या वखारीच्या पलीकडच्या गल्लीत एक डॉक्टर होते. गळ्यातली नळी त्यांनी नुसती नावाला ठेवली होती. खरं हत्यार म्हणजे नाक. बुरशीचा जरासा वास आला की ते शिंकायचे. समोर दमेकरी बसलेला असताना शिंक आली, की निदान पक्कं! "तुमच्या मालाला बुरशी धरलीया, तीच छातीत जातीया. माल बाहेर काढा."

माझे वडील आप्पा तंबाखूचे व्यापारी. ते वर्षभर खोकत होते, पण डॉक्टरांना शिंक येईना. येणार कशी? दवाखान्यात जायचं म्हणून आप्पा आधी आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसायचे!

शेवटी वैतागून डॉक्टरच वखारीत आले. नेमका कोल्हापूरचा व्यापारी माल बघत होता. डॉक्टर कोपऱ्यातल्या बोदांपाशी, म्हणजे तंबाखूच्या मोठ्या पोत्यांपाशी गेले आणि असे शिंकले, की आढ्यावरची कबुतरं उडाली.

"घावलं!" ते आनंदानं ओरडले. "आप्पा, तुमचा खोकला हितं हाय!"

व्यापारी हातातला तंबाखू टाकून टांग्यात जाऊन बसला.

आप्पांनी डॉक्टरांशी बोलणं टाकलं, पण ती बोदंही बाहेर टाकली. हळूहळू खोकला गेला.

पुढच्या सौद्याला आप्पा स्वतः जाऊन डॉक्टरांना घेऊन आले आणि बोदांच्या मधोमध खुर्चीवर बसवलं. कोल्हापूरकर मालाकडं बघेचना. त्याची नजर डॉक्टरांच्या नाकावर. एवढ्यात डॉक्टरांचा चेहरा आक्रसला, तोंड उघडलं. आप्पांनी डोळे गच्च मिटले.

डॉक्टरांनी लांबलचक जांभई दिली, आणि सौदा झाला.