दाजींचं थांबणं

माझं दुकान ताडपत्री शिवायचं. ट्रकची छपरं, दुकानांचे पडदे, टेम्पोच्या सीटा, येईल ते शिवतो. पण थंडी सुरू झाली की मशीनवर घोड्यांच्या झुलीच जास्त पडलेल्या असतात. झूल म्हटलं की लोकांना जरतार आणि गोंडे आठवतात. आमच्याकडची झूल म्हणजे घोड्याचा रेनकोट. बाहेरून जाड मेणकापड, आत अस्तर, छातीवर बक्कल, पोटाखालून पट्टे आणि मागच्या पायांमधून जाणारे आणखी दोन पट्टे, टोकाला लोखंडी खटके. हिवाळाभर कुरणावर राहणाऱ्या घोड्याच्या अंगावरचा वारा-पाऊस ती अडवते. हे घोड्याला मात्र कोणी पटवून दिलेलं नसतं.

फाटकी झूल पाहून ती कोणत्या हाताने घातली होती ते मला सांगता येतं. छातीपाशी उसवली असेल तर घाई करणाऱ्याने घातलेली. मागचे पट्टे तुटून आले तर समजायचं की काढताना कोणीतरी छातीचं बक्कल आधी सोडलं, झूल मागे घसरली, पायांत लोंबली आणि घोडं जीव घेऊन पळालं. घालताना छाती पहिली आणि काढताना छाती शेवटी, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. तरी माणूस शर्टाची बटणं वरून सोडतो तसं बक्कलही आधी वरचं सोडतो. माझं पोट त्या चुकीवर चालतं, म्हणून मी कोणाला उपदेश करायला जात नाही.

एकाच तबेल्यातून माझ्याकडे कधी झूल आली नाही. तिथे माझे दाजी मोतद्दार होते, घोड्यांची सगळी निगा त्यांच्याकडे. सख्ख्या बहिणीचा नवरा माझ्या धंद्याच्या मुळावर उठलाय, असं मी ताईला तोंडावर म्हणायचो. ती म्हणायची, मग जा, त्यांच्या हाताखाली कामाला लाग.

दाजींचं काम बघायला लोक कुंपणाशी उभे राहत. नवीन घोडा आला की पहिले काही दिवस झूल नुसती कुंपणावर घडी करून पडलेली असे. घोडा तिला हुंगे, फुरफुरे आणि शेवटी कंटाळे. मग दाजी त्याच्या पाठीवर एक जुना टॉवेल ठेवत आणि त्याने तक्रार करायच्या आत काढूनही घेत. खटक्याचा आवाज हे निराळंच प्रकरण. एक सुटा खटका कायम त्यांच्या खिशात असे. लांबून टक् करायचं आणि चंदीची बादली पुढे करायची, दुसऱ्या दिवशी थोडं जवळून. घरीही त्यांची बोटं खिशात तोच उद्योग करत बसत, त्यामुळे टक् ऐकू आलं की ताईची मांजर ताटलीपाशी येऊन बसायची. मांजरीलाही एक झूल शिवून दे, असं ताई मला सांगायची.

पण दाजींचं मुख्य काम म्हणजे थांबणं. ते दाराशी थांबत, घोड्याच्या खांद्याशी थांबत, झूल पाठीवर टाकली की थांबत, प्रत्येक पट्ट्याआधी थांबत. दोन्ही हात कोटाच्या खिशात आणि नजर खाली. ते घोड्याशी मनातल्या मनात बोलतात, असं लोक म्हणत. नालबंद तर येईल त्याला सांगायचा की या माणसाचं काळीज वाघाचं आहे, लाथ मारणाऱ्या जनावराच्या पायात कसा शांत बसतो बघा. दाजी ऐकून घेत, हसत नसत. मी त्यांना थोडे गर्विष्ठच धरत होतो.

मग त्यांचे गुडघे गेले. खाली वाकून मागच्या पायांचे पट्टे लावायचे म्हणजे वाकता आलं पाहिजे, आणि काही बिनसलं तर चटकन बाजूला होता आलं पाहिजे. दाजींना दोन्ही जमेना. त्यांची जागा त्यांच्या लेकीला, माझ्या भाचीला हवी होती. ती तबेल्यातच वाढली, घोड्यांच्या पोटाखालून रांगत गेलेली पोर, आणि हे सोडून तिला दुसरं काही करायचंच नव्हतं. शिवाय चंदीच्या कोठारावरच्या त्यांच्या दोन खोल्या त्या कामासोबत मिळालेल्या होत्या. काम बाहेरच्याकडे गेलं की खोल्याही गेल्या. तबेल्याच्या मालकीणबाईंनी एकच अट घातली. घोडे हिवाळी कुरणावर जायच्या आत ठिणगीच्या अंगावर झूल चढली पाहिजे, चढली तर जागा भाचीची.

ठिणगी ही म्हातारी, करड्या रंगाची, हाडं दिसणारी घोडी. झुलीशिवाय तिला थंडी सोसणारी नव्हती. पण तिच्या आधीच्या ठिकाणी कोणीतरी तीच बक्कलाची चूक केली होती आणि ती लोंबती झूल ओढत काटेरी कुंपणातून गेली होती. मागच्या पायावर त्याचा वण होता.

भाचीने बापाची एकही पायरी सोडली नाही. कुंपणावरची झूल, टॉवेल, लांबून खटका, चंदी, सगळं जसंच्या तसं. झूल पाठीवर गेली, छातीचं बक्कलही लागलं. पण पोटाखालचा पहिला खटका टक् वाजला आणि ठिणगी जागच्या जागी उडाली. झूल माझ्याकडे आली. मी शिवून दिली, ती पुन्हा आली. मी मामा म्हणून अक्कल चालवली आणि खटक्याला कापड गुंडाळून दिलं, तर घोडी त्या दबक्या आवाजाला जास्तच बिचकली. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कोणालाच कळेना. मुलगी चुकत नव्हती. तिचे हात बापापेक्षा सफाईदार होते, घोडीची तिला तसूभर भीती नव्हती. दाजी बाकावर बसून एवढंच सांगत, ‘‘थांब जरा.’’ ती विचारायची, किती थांबू. ते म्हणायचे, थांब म्हणजे थांब.

तिसऱ्यांदा शिवलेली झूल द्यायला मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा घरात तोंडं फिरलेली होती. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. दाजी खिडकीशी बसले होते, हात खिशात. भाचीने मला पाणी दिलं, झूल उलटीपालटी करून पाहिली आणि बापाकडे न बघता बोलली.

‘‘बाबा, तुम्हाला सांगता येत नाही असं नाही. तुम्हाला सांगायचंच नाही. तुमच्यानंतर कोणाला जमलं तर तुमचं नाव काय उरणार?’’

मला वाटलं दाजी उठून जातील. मीच उठायच्या बेतात होतो. त्यांनी खिशातून हात काढले आणि गुडघ्यांवर ठेवले.

‘‘मला घोड्याची भीती वाटते,’’ ते म्हणाले. ‘‘पहिल्या दिवसापासून. रोज.’’

भाची हसली, कारण तिला ती थट्टा वाटली. मग तिने आईकडे पाहिलं. ताईची घडी थांबली नव्हती.

‘‘मला लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं,’’ ताई म्हणाली. ‘‘एवढ्या थंडीत कोणाचे शर्ट असे भिजून येतात? मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. रोज आले की दार लावायचं आणि कोरडा शर्ट द्यायचा.’’

मी त्या घराचा मेहुणा, दर आठवड्याला चहाला जाणारा, आणि मला याचा पत्ता नव्हता. दाजी मग सावकाश बोलत राहिले, जसे घोड्याशी वागत तसे. हात कापायला लागले की ते खिशात घालत आणि कापणं थांबेपर्यंत उभे राहत. हात स्थिर झाले की पुढचा पट्टा. आपण स्वतःसाठी थांबतोय असं त्यांना वाटे. पण घोडी आतून ताठली की यांच्या हाताला आधी कळे, आणि ती सैल पडली की हाताचं कापणंही थांबे, हे त्यांच्या ध्यानात फार उशिरा आलं. किती थांबायचं ते सांगता येत नव्हतं, कारण ते सांगायचं तर हे सांगावं लागलं असतं.

भाचीने विचारलं, ‘‘पण मला भीतीच वाटत नाही. मग मी कशावरून ओळखू?’’

बापाकडची सगळी विद्या लेकीने घेतली होती आणि जी एक गोष्ट घ्यायची राहिली ती शिकवण्यासारखी नव्हती. मी झुलीचे पैसे न घेता निघालो, तेव्हा जिन्यापर्यंत सोडायला आलेल्या भाचीच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही वाईट वाटलं, आणि तिसऱ्यांदा धंदा मिळाला म्हणून मनात खूश झालो होतो त्याची लाजही वाटली.

घोडामैदान जवळच होतं. घोडे कुरणावर जायच्या आदल्या दिवशी सकाळी मालकीणबाई आल्या. नालबंद होता, चंदीवाला होता, रिकामटेकडे होते, मीही होतो. भाची ठिणगीला अंगणात घेऊन आली, तिच्या तोंडावरच्या मोरखीची दोरी माझ्या हातात दिली आणि बाकाकडे गेली. बापाला तिने हाताला धरून उठवलं, घोडीच्या खांद्यापाशी आणून उभं केलं आणि त्यांचा उजवा हात खिशातून बाहेर काढला.

‘‘हात इथे असा धरा, बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘मी घोडीकडे नाही, याच्याकडे बघणार आहे.’’

हात कापत होता. थोडाथोडका नाही, लांबून दिसेल असा. दाजींनी एकदा कुंपणाकडे पाहिलं. तिथे त्यांना वर्षानुवर्षं वाघ म्हणणारे सगळे उभे होते. हात परत खिशात घालणं सोपं होतं, आणि ते घालतील असं मी धरूनच चाललो होतो.

‘‘दाजी, हात कापतोय तुमचा,’’ नालबंद म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नसावं, त्याला खरंच नवल वाटलं होतं.

‘‘घाबरलोय,’’ दाजी म्हणाले आणि हात आणखी थोडा पुढे केला.

भाचीने झूल पाठीवर टाकली आणि थांबली. छातीचं बक्कल लावलं आणि थांबली. दाजींचा हात हलत होता, मग कमी हलू लागला, मग नुसती बोटं. माझ्या हातातली दोरी ताणलेली होती ती त्याच वेळी सैल पडली. मी तिकडे लक्ष ठेवलं नसतं तर मलाही खरं वाटलं नसतं. हात स्थिर झाला. भाचीने पोटाखालचा खटका लावला. टक्. ठिणगीने कान मागे केला, पुढे केला आणि समोरच्या चंदीच्या बादलीत तोंड घातलं.

पुढचे पट्टे असेच लागले. मधे एकदा हात पुन्हा सुरू झाला तेव्हा भाची खटका उघडा धरून तशीच वाकून राहिली. मालकीणबाईंनी घड्याळ बघितलं. शेवटचा खटका मागच्या पायाच्या, वणावरून जाणाऱ्या पट्ट्याचा. तोही वाजला. मालकीणबाईंनी भाचीला सांगितलं की उद्या बाकीच्या घोड्यांच्या झुली कोठारातून काढून ठेव, आणि त्या गाडीत बसल्या. एवढ्यावरून आम्ही समजलो.

दाजी तिथेच उभे होते. शर्ट पाठीला चिकटला होता आणि थंडी चांगली होती. मी त्यांना वर घरी न्यायला पुढे झालो, तर कुंपणापलीकडे ताई उभी. कधी आली होती कोण जाणे. तिच्या काखेत घडी घातलेला कोरडा शर्ट होता. तिने तो घरी येईपर्यंत ठेवला नाही, लोकांच्या मधून हात घालून कुंपणावरूनच पुढे केला.

दाजींनी तो घेतला आणि तिथेच, सगळ्यांदेखत बदलला.