शक्करचं फीकं, मिर्चीचं नाही

माझे बाबा जगात एकाच गोष्टीला घाबरत: इंजेक्शनच्या सुईला. बाकी माणूस वाघ. उज्जैनला देवास गेटच्या बसस्टँडवर एकदा सांड उधळला, तेव्हा सगळी पब्लिक बसच्या टपावर चढली आणि बाबांनी सांडाला नुसतं म्हटलं, "चल, साइड दे." सांडाने दिली. मी तिथे नव्हतो, पण हा किस्सा मी इतक्यांदा सांगितलाय की आता मला त्या सांडाच्या पाठीवरचा पांढरा डागसुद्धा आठवतो. असा हा माणूस दवाखान्यात सुई दिसली की भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागे, आणि एकदा तर वाचता वाचता तिथेच आडवा झाला.

रेल्वेतून रिटायर झाल्याच्या पुढच्याच वर्षी त्यांच्या रक्तात शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, "बाबूजी, तीन महीने देता हूँ. मीठा बंद, बाहर का खाना बंद. नीचे नहीं आई तो रोज़ सुबह-शाम सुई."

सुई ऐकून बाबा पांढरे पडले. 'बाहर का खाना बंद' ऐकून मात्र ताठ झाले. कारण दर रविवारी सकाळी आठला टावर चौकाजवळच्या एका रेस्टॉरंटात खिडकीलगतच्या टेबलावर बसायचं, पोहे आणि जिलबी खायची, हा त्यांचा नेम होता. रिटायरमेंटनंतर त्यांच्या टाइमटेबलात उरलेली ती एकच गाडी. बाकी सगळ्या कॅन्सल.

"जिलबी सोडतो," त्यांनी आईला सांगितलं, "रविवार सोडणार नाही."

"ठीक. तीन महिन्यांनी कागदच बोलेल," आई म्हणाली. "आकडा चढला तर सुई चालू आणि रविवारही बंद." मग माझ्याकडे वळली. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो आणि घरात माझ्याकडे वळणं सोपं होतं. "तू बरोबर जायचं. ह्यांच्या तोंडाकडे लक्ष ठेवायचं."

"आणि माझ्या तोंडाकडे कोण बघणार?"

"तुझ्याकडे महाकाल बघतोय. जा."

ते दिवस मोठे विचित्र होते. परदेशी मालाला देशाची दारं उघडली होती म्हणे, आणि आमच्या गावात त्या दारांतून सगळ्यात आधी साखर आत आली. जिथे तिथे रंगीत बाटल्यांचे फ्रिज उभे राहिले. आमच्या रेस्टॉरंटानेही मागे काळ्या काचांचा एसी हॉल काढला, मेनूकार्ड छापलं, त्यात मंचुरियन घातलं. बाबांनी त्या कार्डाचा रेल्वेच्या नियमावलीसारखा अभ्यास केला. मंचुरियनच्या रश्श्यात बोट बुडवून म्हणाले, "हा तर पाक आहे." पनीरच्या लाल भाजीत साखर. कढीत साखर. कचोरीच्या चटणीत तर इतकी की चमचा उभा राहावा. नुसत्या काकडीवर सुद्धा कोणी पिठीसाखर भुरभुरली असेल, असा त्यांना संशय येऊ लागला. शेवटी त्यांनी कायदा केला: चटणी नाही, रंगीत बाटली नाही, तहान लागली तर मीठ घातलेला लिंबूसोडा. आणि पोहे? माळव्यातल्या पोह्यांत साखर असतेच. म्हणून पोहे 'फीके'.

आमच्या टेबलाचा वेटर साठीचा होता. त्याच्यासारखी बुद्धी मी नंतर कुणाच्यात पाहिली नाही. नऊ टेबलांची ऑर्डर कागदाशिवाय घ्यायचा आणि एक शेवेचा तुकडाही चुकायचा नाही. कुणी कधी दही आंबट म्हणून परत पाठवलं, तेही त्याला पाठ. त्याला सगळे 'काका' म्हणायचे. त्याची हाळी आतल्या भट्टीपर्यंतच नाही, क्षिप्रेपलीकडे जायची.

"काका, आजपासून पोहे फीके," बाबा म्हणाले.

काकाने मोठ्या मायेने मान हलवली आणि हाळी दिली, "महाराऽऽज! बाबूजी का एक फीका!" महाराज म्हणजे आचारी. उज्जैनात महाराज दोनच जागी सापडतात, देवळात आणि भट्टीसमोर, आणि दोघांनाही उलट प्रश्न विचारायचा नसतो.

बाबांनी माझ्यासाठी जिलबी मागवली. ती आली, तसे कोपर टेबलावर टेकून म्हणाले, "खा. आणि सांग."

"काय सांगू?"

"कशी आहे ते."

"गोड आहे."

"गाढवा, ते मलाही ठाऊक आहे. नीट सांग."

मग मी सांगू लागलो. कड कशी काचेसारखी तुटली, आतला पाक कसा जिभेच्या डाव्या बाजूने निघाला आणि वळसा घेऊन उजवीकडे आला. बाबा डोळे मिटून ऐकत. मी थांबलो की म्हणत, "मग?" खरं फार लवकर संपायचं, पुढचं मग बनवावं लागे. चौथ्या रविवारपर्यंत माझ्या जिलबीला सात वेढे आणि केशराचा धूर आला होता. बाबा तेवढ्यावर तृप्त होऊन फीके पोहे खात आणि म्हणत, "बघ, सवय झाली की फीक्यालाही गोडी येते."

महिन्याने मधली तपासणी झाली. आकडा चढला होता.

आईने कागद टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "जिलबी?"

"शप्पथ, एक तुकडा नाही. मी तोंडावरून नजर काढली नाही."

बाबांनी कागद पालथा केला. मग एवढंच म्हणाले, "सुई किती जाड असते गं?"

सांडाला साइड मागणारा माणूस हे विचारत होता. आईने आणखी एकच रविवार दिला.

त्या रविवारी पोहे आले आणि माझ्या टाळक्यात उजेड पडला. महिनाभर मी तोंड बघत होतो, प्लेट कधी चाखलीच नव्हती. मी बाबांच्या प्लेटमधला एक चमचा उचलला. गोडाने दाढ ठणकली. हे पोहे नव्हते, शेव घातलेला शिरा होता.

"काका! ह्यात शक्कर आहे!"

"है ना, भिया," काका अभिमानाने म्हणाला. "बाबूजी ने फीका बोला. फीका माने मिर्ची नहीं. मैंने सोचा, बुजुर्ग आदमी हैं, बेस्वाद लगेगा. तो महाराज से बोल के शक्कर दुगनी करवा दी."

"अहो, फीका म्हणजे शक्कर नको!" बाबा ओरडले. "फीकी चाय म्हणता ना तुम्ही? त्यात काय मिर्ची नसते म्हणून फीकी?"

"चाय की बात अलग है, बाबूजी. चाय फीकी माने शक्कर नहीं, पोहा फीका माने मिर्ची नहीं. ये तो बच्चा-बच्चा जानता है."

"मी तीस वर्षं इथे राहून राहिलोय, मला नाही माहीत!"

खरंच होतं. बाबांची हिंदी स्टेशनच्या चहावर शिकलेली, आणि चहापुरतीच पक्की.

"पर शक्कर क्यों नहीं चलेगी?" काकाने विचारलं.

बाबा आवाज खाली आणून म्हणाले, "शुगर है."

काकाच्या खांद्यावरचं फडकं खाली आलं. "मेरे हाथ से? पूरा महीना?" एवढंच बोलला. मग वळला, छातीत हवा भरली, आणि अशी हाळी दिली की टावरच्या घड्याळाचा काटा एक मिनिट पुढे सरकला. "महाराऽऽज! एक पोहा फीका! शक्कर का फीका, मिर्ची का नहीं! बाबूजी को शुगर है!"

सगळ्या टेबलांवरच्या माना आमच्याकडे वळल्या. त्या काळी माणूस शुगर घरातल्या भांडणासारखी झाकून ठेवी. बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, आता हे उठतात आणि रविवार कायमचा बुडतो.

तेवढ्यात कोपऱ्यातून एक हात वर आला. देवळातले पुजारी होते, गंध ओलंच होतं. "इधर भी एक. शक्कर का फीका." सगळे बघताहेत म्हटल्यावर म्हणाले, "क्या करें भाई, रोज़ दो जजमान लड्डू खिलाते हैं. ना बोलो तो भगवान नाराज़, हाँ बोलो तो डॉक्टर."

मग दुसरा हात वर आला, एका कापडवाल्याचा. मग तिसरा. एसी हॉलचं काळ्या काचेचं दार उघडून एक बाई डोकावल्या आणि दोन बोटं दाखवून आत गेल्या. मी अकरा हात मोजले. घरी पोचेपर्यंत ते एकवीस झाले होते, पण अकरा मी देवाशप्पथ मोजले होते. इतकी वर्षं हे सगळे एकमेकांशेजारी बसून, आपापली भीती पोह्यांखाली दडपून गोड खात होते.

महाराज भट्टी सोडून बाहेर आला. त्याला मी त्याआधी कधी उजेडात पाहिलं नव्हतं. त्याने कमरेवर हात ठेवून ते वर आलेले हात पाहिले, आत गेला आणि वेगळी पातेली चढवली. अर्धा तास कोणी उठलं नाही. मग पोहे आले: वाफाळते, वर लिंबू, जीरावन मसाला, बारीक शेव. बाबांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले.

"कसे आहेत?" मी विचारलं. पहिल्यांदा विचारणारा मी होतो.

"पोह्यांसारखे," ते म्हणाले. "आजवर मी नुसती साखर खात होतो रे."

पुढचे दोन महिने त्यांनी रोज संध्याकाळी टावरपर्यंत पायी चकरा मारल्या, आणि रविवारी ती वेगळी पातेली चढत राहिली. तिसऱ्या महिन्याचा कागद डॉक्टरांनी दोनदा वाचला. "सुई नहीं लगेगी, बाबूजी. अभी तो नहीं. क्या किया?"

"बाहेर खाल्लं," बाबा म्हणाले आणि दवाखान्याच्या पायऱ्या दोन-दोन करत उतरले.

रविवार नव्हता, तरी आम्ही तडक टावर चौकात गेलो. काकाने कागद उलटा धरून पाहिला आणि डोळे पुसले. माझ्यापुढे जिलबी आली. बाबांनी कोपर टेकलं, डोळे मिटले.

"सांग," म्हणाले. "आज घाई नाही."