सवतीचा टाक

मुरबाडच्या बाजारपेठेत भांड्यांची दुकानं संपली की पुढे कुंडलिक सोनाराचं दुकान लागायचं. सोनार म्हणायचे, पण त्याच्याकडे सोनं गुंजभरही नसायचं. आसपासच्या खेड्यांतून विकायला आलेली जुनी चांदी तो घ्यायचा आणि ती लगेच न आटवता टोपल्यांत भरून ठेवायचा. वाळे, गोठ, सऱ्या, जोडवी. बाजाराच्या दिवशी बाया यायच्या, पायरीवर बसून टोपली मांडीवर घ्यायच्या आणि निवांत चिवडत बसायच्या. एखादीला काही मनात भरलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. हे कोणाचं, जित्या माणसाचं की मेलेल्याचं? कुंडलिक खरं तेच सांगायचा. त्यापायी एखादं गिऱ्हाईक उठून जायचं, पण पुढच्या वेळी यायचं ते त्याच्याकडेच. दुसरं त्याचं काम टाकांचं. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठसा मारून तो देव्हाऱ्यातले देव करून द्यायचा, खंडोबा, भवानी आणि घरोघरचे मेलेले वीर.

काशी या दुकानाची पायरी पहिल्यांदा चढली ती चौतीस सालच्या उन्हाळ्यात. अंगावरची हळद अजून उतरली नव्हती. तिचं माहेर शहापूरजवळचं, पण माहेर म्हणायला तिथे काही उरलं नव्हतं. आई लहानपणीच गेली, पाठोपाठ बाप गेला, आणि चुलतीने तिला वाढवलं ते पुढेमागे कामाला हात होईल म्हणून. सरळगावाकडच्या धाऊचं स्थळ आलं तेव्हा चुलतीने फार चौकशी केली नाही. मुलगा बिजवर आहे, घरची भातशेती आहे, सासू कडक आहे, एवढंच काशीच्या कानावर आलं.

सासूने लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं, की सवतीचा टाक गळ्यात पडल्याशिवाय नव्या सुनेने चुलीला हात लावायचा नाही. रीतच होती ती. पहिली बायको मेलेली असली की दुसरीने तिचा टाक करून गळ्यात बांधायचा आणि जेवताना पहिला घास तिला दाखवायचा. नाहीतर ती मागे लागते, म्हणायचे.

धाऊने दुकानात शिरल्या शिरल्या धोतराच्या सोग्यातून फडक्याची एक पुरचुंडी काढून कुंडलिकच्या हातात दिली आणि तो बाहेर कडुलिंबाखाली जाऊन पाठमोरा बसला. काशी एकटीच पायरीवर राहिली. आत भाता चालू होता, मग हातोडी चालू झाली. उन्हं उतरायला लागली तेव्हा कुंडलिकने टाक तिच्यापुढे धरला. बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, वर एक बाई कोरलेली, हात जोडून उभी. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता आकार.

दोऱ्यात ओवताना कुंडलिक म्हणाला, "बाई, आता हिचं नाव घे. ठसा सगळ्यांना एकच असतो. नाव घेतलं की मग तो तिचा होतो."

काशीला नाव माहीतच नव्हतं. घरात सगळे "मागची" म्हणायचे. ती उठली, कडुलिंबाखाली गेली आणि खाली मान घालून नवऱ्याला विचारलं, त्यांचं नाव काय होतं? धाऊने वर पाहिलं नाही. तो म्हणाला, "गोदू." लग्न झाल्यापासून त्याने तिच्याशी उच्चारलेला तो पहिलाच शब्द होता.

तेव्हापासून गोदू काशीच्या गळ्यात राहायला लागली. काशी तिला भ्यायची. पहिला घास दाखवायला ती कधी विसरायची नाही. पाणी भरताना टाक कळशीला लागून वाजला तरी ती दचकायची, आपलं काही चुकलं का असं मनात म्हणायची. धाऊ वाईट वागत नव्हता. तो मारायचा नाही, शिव्या द्यायचा नाही, पण बोलायचाही नाही. काम करून आला की ओटीवर बसून डोंगराकडे बघत राहायचा. काशीला वाटायचं, या घरात नांदते ती गोदूच, आपण नुसत्या तिचा टाक वागवायला आणलेल्या.

दोन वर्षांनी काशीला मूल झालं. मुलगा होता. एक रात्र जगला आणि गेला.

सासू एकदा शेजारणीपाशी बोलता बोलता म्हणाली, की मागचीने नेला. शब्द गावभर झाला. देवऋष्याने सांगितलं, की हा टाक उतरवा, नदीत सोडा आणि नवा करून त्याला कोंबडं द्या. धाऊने ते ऐकलं आणि तो उठून ओटीवर जाऊन बसला. शेवटी सासूनेच काशीला गावातल्या बायांबरोबर मुरबाडच्या बाजाराला धाडलं.

त्या दिवशी कुंडलिकच्या पायरीवर एक म्हातारी आधीच बसलेली होती. उन्हाने रापलेली, पाय धुळीने भरलेले. लांबून चालत आलेली दिसत होती. तिच्या मांडीवर जोडव्यांची टोपली होती. पण इतर बाया बघतात तशी ती बघत नव्हती. एकेक जोडवं उचलायची, आतल्या बाजूने अंगठा फिरवायची आणि बाजूला ठेवायची. टोपली संपली तशी ती कुंडलिकला म्हणाली, यात नाहीत. मुलीची जोडवी मी घडवून घेतली होती, एक जोडवं आतून डाग देऊन सांधलेलं होतं. पोर गेली तेव्हा अंगावरचं सगळं सासरचे घेऊन गेले, ते त्यांचंच, त्याला बोल नाही. पण माझ्याकडे तिचं काहीच राहिलं नाही. कोणी सांगितलं, की जुनं सगळं तुझ्या दुकानात येतं, म्हणून किन्हवलीहून चालत आले.

कुंडलिकने मुलगी कुठे दिली होती ते विचारलं. म्हातारीने सांगितलं. सरळगावाकडे, धाऊला. गोदू तिचं नाव.

कुंडलिकने एकदा काशीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "आजी, ती जोडवी आटली. त्यांचा टाक झाला. मीच केला."

धाऊने तेव्हा दिलेल्या त्या फडक्यात काय होतं ते काशीला आज कळत होतं. तिला गप्प बसता आलं असतं, म्हातारी तिला ओळखत नव्हती. पदर पुढे ओढून बसली असती तर म्हातारी आल्या वाटेने निघून गेली असती. पण तिचा हात आपसूक गळ्याकडे गेला. तिने दोरा डोक्यातून काढला आणि टाक म्हातारीच्या तळहातावर ठेवला.

सकुबाईने, म्हणजे त्या म्हातारीने, टाक उलटा केला. जोडव्यावर फिरवला होता तसाच अंगठा त्याच्यावरून फिरवला. रडली नाही. मग विचारलं, "तू नवी काय?"

काशीने मान हलवली.

"मंग गळ्यातून का काढलास?"

काशीला खोटं बोलता येईना. तिने सगळं सांगितलं. मूल कसं झालं, कसं गेलं, घरात काय म्हणतात, आणि आपण आज इथे कशासाठी आलो. सांगताना तिला वाटलं, आता ही बाई आपल्याला शाप देणार. आपल्या मेलेल्या लेकीवर आळ घेतलेला कोणती आई ऐकून घेईल?

सकुबाई म्हणाली, "माझी गोदू बाळंतपणात गेली गो. माझ्याच घरात. दोन दिवस अडली व्हती. पोर पोटातच राहिलं. जिला आपल्या पोराचं तोंड बघाया मिळालं नाय, ती दुसरीचं कशाला नेल?"

काशीने तेव्हा तोंडावर पदर घेतला. मूल गेल्यापासून ती घरात कोणासमोर रडली नव्हती. त्या पायरीवर, बाजाराच्या माणसांत, सवतीच्या आईपुढे ती रडली. सकुबाईने तिला रडू दिलं. मग दोरा हातात घेतला, काशीच्या गळ्यात परत घातला आणि टाक चोळीच्या आत सारला.

"ऱ्हाऊ दे. माझ्या घरी कोण हाय? तुझ्याजवळ तिला बरं."

कुंडलिकने त्या दिवशी नवा टाक केला नाही.

घरी आल्यावर काशीने सासूला सरळ सांगितलं, की टाक बदलला नाही, बदलणारही नाही. सासूने आकांत मांडला. तेवढ्यात धाऊ ओटीवरून आत आला आणि आईला म्हणाला, की गोदूला कोणी काही बोलायचं नाही. मग तो काशीजवळ बसला आणि म्हातारीने आणखी काय काय सांगितलं ते विचारलं. पुन्हा पुन्हा विचारलं. गोदू गेल्यावर तो किन्हवलीच्या वाटेला गेलाच नव्हता. कोणत्या तोंडाने जाऊ, असं त्याला वाटायचं. हेही त्याने त्याच दिवशी सांगितलं.

काशी परत गरोदर राहिली तेव्हा तिला एकच इच्छा झाली, की बाळंतपणाला माहेरी जावं तसं सकुबाईकडे जावं. धाऊ बैलगाडी जुंपून निरोप घेऊन गेला. सकुबाईने त्याला पाय धुवायला पाणी दिलं, भात वाढला, पण त्याने भाताला हात लावला नाही. ती त्याच्यासमोर येऊन बसली. तुझा काही दोष नव्हता, असं तिने त्याला सांगितलं. मग म्हणाली, पण तिला इथे आणू नको. माझ्या घराला बाळंतपण धार्जिणं नाही.

धाऊ रिकामी गाडी घेऊन परत आला. काशीने ते मनाला लावून घेतलं. पण दिवस भरत आले तशी एका सकाळी सकुबाईच दारात उभी राहिली, काखेत गाठोडं घेऊन. पावसाने ओढे भरले होते, त्यातून ती आली होती. सासूने तिला बघितलं आणि बाजूला झाली. दोघी म्हाताऱ्या एका घरात राहायला लागल्या. बोलत फारशा नव्हत्या, पण एकीने तांदूळ निवडायला घेतले की दुसरी सूप घेऊन शेजारी बसायची.

एका दुपारी कळा सुरू झाल्या आणि दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. सकुबाईने तिला हातावर घेतलं आणि पदराने पुसलं. मुलीचं नाव गोदू ठेवावं असं काशीने सुचवलं, पण सकुबाई नाही म्हणाली. एकीचं आयुष्य दुसरीच्या डोक्यावर देऊ नये. शेवटी सासूने ठमी नाव ठेवलं, आणि बारसं आटोपून सकुबाई किन्हवलीला परत गेली.

ठमी उभी राहायला लागली तेव्हा काशी आणि सकुबाई तिच्यासाठी वाळे बघायला कुंडलिककडे गेल्या. टोपलीतले वाळे सकुबाईने एकेक करून पारखले. नाजूक, घुंगरांचे होते ते काशीला आवडले होते, पण कुंडलिक म्हणाला, ते नको. का नको ते त्याने सांगितलं नाही, आणि दोघींनी विचारलंही नाही. मग त्याने तळातून जाडेभरडे, ठोकर लागून चेपलेले वाळे काढले. हे घ्या, म्हणाला, हे ज्या पोराचे ते आता बैल हाकतं, पायात मावेनात म्हणून बापाने विकले. सकुबाईने ते हसून घेतले. काशीने तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

पुढे लढाईची वर्षं आली. चांदीचे रुपये बाजारातून नाहीसे झाले, रॉकेल मिळेना. जुनी चांदी शोधत कल्याणचे व्यापारी खेड्यापाड्यांत फिरायला लागले. कुंडलिकच्या टोपल्या एकदमच उचलल्या गेल्या. तो म्हणायचा, कोणाचं काय होतं ते विचारणारं गिऱ्हाईक आता राहिलं नाही, सगळं तोलून नेतात. नंतर त्याने दुकान बंद केलं आणि मुलाकडे नाशकाला गेला.

काशीची सासू त्रेचाळीसच्या तापाच्या साथीत गेली. सकुबाईला डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हा धाऊ स्वतः किन्हवलीला जाऊन तिला गाडीत घालून घेऊन आला. गावाने नावं ठेवली. मेलेल्या बायकोची आई घरात कोण पोसतं? सकुबाई ओटीवर बसायची, ठमी तिचा हात धरून तिला परसात न्यायची.

तिचं दुखणं वाढलं ते सेहेचाळीसच्या हिवाळ्यात. शेजारणी बघायला यायच्या आणि आपसात म्हणायच्या, आता म्हातारी भ्रमात काशीला गोदू म्हणून हाक मारील. काशीलाही वाटत होतं, आणि तशी हाक आली तर ओ द्यायची असं तिने मनाशी ठरवलं होतं. पण सकुबाईने तशी हाक मारली नाही. शुद्ध हरपली तेव्हाही ती "काशी" म्हणूनच हाका मारत राहिली. पाणी दे काशी, पोरीला जेवू घाल काशी, दार लाव वारा येतो काशी.

ती पहाटे गेली. किन्हवलीचे भाऊबंद दुपारपर्यंत आले नाहीत, तेव्हा धाऊने नदीवर मडकं धरलं आणि अग्नी दिला. मुलगा आईसाठी करतो तशी डोकी-मिशी उतरवायला तो बसला. सासूसाठी असं कोणी करत नाही, असं गावातल्या जाणत्यांनी त्याला सांगून पाहिलं. धाऊ न्हाव्यासमोर बसून राहिला, आणि काशी त्याच्या अंगावर पाणी ओतायला कळशी घेऊन मागे उभी राहिली.