काकांचा हात

“पहिले एक ठेवून देऊ, मंग पाहू काहून नाही चालत ते!” असं म्हणत आमचे शेजारचे काका कुठल्याही दुरुस्तीला हात घालायचे. टीव्ही बिघडला, एक थाप. कूलरचा पंप अडला, एक बुक्की. एकदा गॅस सिलिंडरवर हात उगारला, तेव्हा मी बायकोपोरांसह गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहिलो.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच. शब्दाआधी हात निघणारा. आमच्या भागातल्या एकूण एक मिस्त्र्यांची कॉलर काकांनी धरली होती, त्यामुळे त्यांची जुनी गाडी कोणी गॅरेजमध्ये घेत नसे. घरातलं भिंतीपलीकडून ऐकू यायचं. कधी भांडं आपटायचं, कधी मुलीला थप्पड बसायची. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी इतवारी बाजारातून संत्रा बर्फी यायची. काकांची माया खोटी नव्हती, पण ती नेहमी उशिरा पोचायची.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मुलीचा उमरेडहून फोन आला. नवऱ्यानं डोकं फोडलं होतं, टाके पडले होते. काका लोखंडी पाना घेऊनच बाहेर आले.

“भाऊ, आज त्याले जिता नाही सोडत मी.”

गाडी सुरू केली, तर ती डुकरासारखी किंचाळली. इंजिनाचा पट्टा ताणून धरणारी स्प्रिंगची चाकी, म्हणजे टेन्शनर, झिजून डुगडुगत होती. नवा टेन्शनर घरात पडून होता. बसवायला मिस्त्री मिळत नव्हता.

“टॅक्सी बोलावू का?” मी म्हटलं.

“माही पोरगी मी माह्याच गाडीत आणीन. बोनेट धर गा!”

शिव्या घालत, बोनेटवर बुक्क्या मारत त्यांनी जुना टेन्शनर काढला, नवा बसवला. मी बोनेट धरून उभा होतो; आज यांच्या हातून खून पडणार, एवढंच डोक्यात होतं.

काकांच्या घरी पिढ्यानपिढ्या हातमाग. ताण्याच्या उभ्या सुतावर बोट फिरवल्याशिवाय ताण बरोबर आहे, हे त्या घरात कोणी मानत नसे. पट्टा चढवायला डाव्या हातानं पाना दाबून स्प्रिंग मागे धरली असतानाच काकांनी ताण पाहायला सवयीनं उजवी बोटं पट्ट्याखाली घातली. पाना सटकला. स्प्रिंग उसळली आणि पट्ट्यानं बोटं चाकीवर चिरडली. ती किंकाळी चार घरांत ऐकू गेली.

काकूंनी लुगडं फाडून हात बांधला. डॉक्टरकडे जायला काका तयार नव्हते. पट्टा नीट बसला होता. मी गाडी चालवली. काकांच्या बांधलेल्या हातातून रक्त ठिबकत होतं आणि डाव्या हातात पाना होता.

उमरेडला जावयानं आम्हाला पाहिलं आणि मागच्या दारानं पळाला. काकांनी फेकलेल्या पान्यानं त्याच्या मोटारसायकलचा दिवा फुटला. मग त्यांनी लाथ घालून ती मोटारसायकल आडवी केली. शेजारीपाजारी दारात आले, पण पुढे कोणीच आलं नाही.

तेवढ्यात मुलगी बाहेर आली. डोक्याला पट्टी, एक डोळा सुजलेला. काकांचा चेहरा पाघळला.

“चाल वं माय, घरी चाल,” म्हणत त्यांनी तिच्या डोक्यावरून फिरवायला तो रक्ताळलेला हात उचलला.

तिनं दोन्ही कोपरं चेहऱ्यावर घेतली आणि खाली बसली.

“मारू नका बाबा! चुकलं माह्यं!”

जावयाचं नाव तिनं घेतलं नाही. काकांचा हात हवेतच राहिला. मला तिथं उभं राहवेना.

ती आमच्याबरोबर आली आणि माहेरीच राहिली. काकांची बोटं वाकडी जुळली. हिवाळ्यात काका गेले. त्या मधल्या महिन्यांत त्यांच्या घरातून एकदाही आवाज आला नाही. संध्याकाळी मी जाऊन बसायचो. ती चहा घेऊन समोर आली, की काका दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे, आणि ती कप खाली ठेवून आत जाईपर्यंत काढायचे नाहीत.