चौथी कैची

माझी चुलत आत्या पंचफुलाबाई. तिच्या जिभेला आणि हाताला सारं चाकूर भ्यायचं. किल्लारीच्या भूकंपात दगडामातीच्या घराखाली तिचा नवरा आणि सासू चेंगरली. कुशीतला दयानंद तेवढा वाचला. तेव्हापासून डोक्यावर वजन म्हटलं की ही बाई वाघीण व्हायची. स्लॅबच्या घरात ती पाणीसुद्धा प्यायली नाही.

आईला निवांत झोप लागावी म्हणून दयानंदनं शेतात पत्र्याचं शेड घातलं. तिथंही हिची अट, लोखंड बारीकच पाहिजे. छपराचे पत्रे पेलणाऱ्या चार लोखंडी तिकोनी कैच्या उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीला खालून ताणायला लांबलचक बारीक सळई लागली.

वेल्डर श्रीमंत चिडला. "मावशी, पत्र्याची ओढ ही सळई सोसतीय. पन वारं खालून घुसलं की छप्पर वर उचलतंय, मंग हिच्यावरच दाब येतोय. लांबीच्या मानानं किती बारीक चालतं, याला बी हद्द हाय. जाड लोखंडी अँगल लावू द्या."

"तुझ्या मढ्यावर लाव!"

ती बाजाराला गेल्यावर त्यानं गुपचूप तीन कैच्यांना अँगल जोडले. चौथीला शिडी लावली आणि ही परतली. धोंडा उचलून तिनं नेम धरून हाणला. श्रीमंतचं कपाळ फुटलं. रक्त पुसत तो गेला तो पुन्हा शेडाकडं फिरकला नाही. आत्यानं आपली बाज ओढली ती नेमकी चौथ्या कैचीखाली. मला असा संताप आला की बाज उचलून विहिरीत टाकावी.

वैशाखात एका दुपारी वादळ सुटलं. आम्ही तिघंही शेडातच होतो. वारं खालून घुसलं आणि चौथ्या कैचीची सळई डोळ्यांदेखत वाकली. दयानंदनं आईला फरफटत अँगल लावलेल्या कैच्यांकडं, मी उभा होतो तिथं ओढलं. ती त्याला ओरबाडत होती, चावत होती.

"सोड! तिकडं वजन हाय!"

त्यानं तिला माझ्या अंगावर ढकललं, तेवढ्यात कैची कोसळली. सुटलेल्या पत्र्यानं त्याचा उजवा हात मनगटापासून तोडला. बाजेचा चुरा झाला. बाकीच्या तीन कैच्या जागच्या हलल्या नाहीत.

लातूरच्या दवाखान्यात श्रीमंत भेटायला आला. आत्यानं धावत जाऊन त्याची गचांडी धरली, गदागदा हलवलं. 

"भाड्या, मला झाडाला बांधायचं हुतंस!" ती किंचाळली. "मी म्हनलं म्हनून ऐकायचं असतंय व्हय रे?"