काउंटेसबाईंचे यजमान

त्या प्रोफेसरला मी पूर्वी 'ते' म्हणत असे. आता 'तो' म्हणते, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. लग्न होऊन मी मिनेसोटात, ईडन प्रेरीला आले तेव्हा पुण्याची जर्मनमधली एम.ए. पदरात होती आणि ती कुणाला नको होती. नवरा कॉम्प्युटर कंपनीत. मी जवळच्याच एका चर्चच्या कॉलेजात संगीत विभागात टायपिस्ट म्हणून लागले. विभागाचा प्रमुख हा. ऑर्गन सुरेख वाजवायचा. जर्मन यायचं, पण भजनांपुरतं.

तो एका काउंटेसवर पुस्तक लिहीत होता. तीनशे वर्षांपूर्वीची जर्मन बाई. नवरा अकाली गेला, मुलगा पाळण्यात. तो मोठा होईपर्यंत हिने राज्य चालवलं, तंटे मिटवले, पूल बांधले आणि भजनं रचून त्यांना चाली लावल्या. ते राज्य कधीच नकाशावरून गेलं. मुलाचं नाव कुणाला आठवत नाही. पण बाईची चाल सुरू झाली की आमच्या चर्चमधली जर्मन वंशाची म्हातारी शेतकरी मंडळी पुस्तक न उघडता गायची.

तिची पत्रं जुन्या, काटेरी जर्मन लिपीत होती. त्याला ती वाचता येईनात. "मला येतात," मी म्हटलं. दोन हिवाळे मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ती पत्रं उलगडली आणि इंग्रजीत आणली. बाहेर बर्फ, आत मी आणि काउंटेस. दरबारच्या धर्मोपदेशकाने तिची भजनं स्वतःच्या नावावर छापायला दिली, तेव्हा तिने छापखान्याला कडक पत्र लिहून त्याचं नाव खोडायला लावलं. ते पत्र मलाच सापडलं. त्या दिवशी मी एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या.

शेवटचं प्रकरण सोडून पुस्तकाची प्रुफं आली. मुखपृष्ठावर फक्त त्याचं नाव. आभारात शेवटची ओळ : 'तत्पर टायपिस्टचेही आभार.'

मी त्याच्या ऑफिसात गेले. "भाषांतर माझं आहे," मी म्हटलं. "छापखान्याचं पत्र मी शोधलंय."

तो हसला. अगदी प्रेमाने. "तू शब्द बदललेस. संशोधन वेगळी गोष्ट असते."

घरी नवरा म्हणाला, "जाऊ दे ना यार. कशाला इश्यू करतेस?" मी पोळी लाटत होते. ती इतकी लाटली की फाटली.

उरलेली पत्रं मी वाचायला नकार दिला. ती त्याने स्वतःच डिक्शनरी घेऊन लावली, त्यांवर शेवटचं प्रकरण लिहिलं आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे पाठवलं. ते वाचताना एका ओळीशी मी थांबले आणि मूळ पत्र काढून वाचलं.

जर्मनमध्ये 'झेलिग' म्हणजे धन्य, आणि 'हेर' म्हणजे प्रभू. भजनांत हेच अर्थ. पण घरगुती पत्रात बाई 'माइन झेलिगर हेर' लिहिते, तेव्हा तिला म्हणायचं असतं, 'आमचे कैलासवासी यजमान'. काउंटेसने कारभाऱ्याला लिहिलं होतं की आमचे कैलासवासी यजमान पाणचक्कीपाशी उभे राहून बंधारा दुरुस्त करून घेत, तसा तूही करून घे. आमच्या प्रोफेसरने त्यातून अख्खा साक्षात्कार उभा केला होता : पाणचक्कीपाशी काउंटेसला प्रभूचं दर्शन!

त्या प्रकरणातल्या जर्मन शब्दांच्या स्वरांवरची टिंबं मी एकूण एक तपासली. चुकलेली दुरुस्त केली. 'झेलिगर हेर'ला हात लावला नाही. नंतरचे तीन आठवडे मला भूक छान लागत होती.

रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये प्रकाशन होतं. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत त्याची बायको, जिने माझ्या पहिल्या हिवाळ्यात मला स्वतःचे बर्फातले बूट दिले होते. तो साक्षात्कारापर्यंत आला, डोळे मिटून बोलला. प्रश्नांची वेळ झाली तसा मी हात वर केला.

"त्याच पत्रात खाली, तुम्ही सोडून दिलेल्या ओळीत लिहिलंय," मी म्हटलं, "की झेलिगर हेर गार पाण्यात उभे राहिले, त्यांना ताप भरला आणि नवव्या दिवशी ते गेले. हे कुठले प्रभू?"

घरात अजून जर्मन बोलणारी एक म्हातारी शेतकरीण मोठ्याने म्हणाली, "अहो, तो तिचा मेलेला नवरा!" आणि ती अशी हसली की रांगांमागून रांगा हसू लागल्या.

तो लालबुंद झाला. "प्रुफं तू तपासलीस," तो म्हणाला.

"हो. टायपिस्ट आहे ना मी. स्पेलिंग तपासलं."

त्याच्या बायकोने मान खाली घातली. तेवढं मला बघवलं नाही, म्हणून मी पुन्हा तिकडे बघितलं नाही.

प्रती परत मागवल्या गेल्या. कॉलेजने मला पुस्तक नव्याने करायला सांगितलं. माझी एकच अट होती, मुखपृष्ठावर एकच नाव. ती मान्य झाली. आभारात मी त्याचे आभार मानले, टाइपरायटर वापरू दिल्याबद्दल. नवरा म्हणाला, "हे जरा जास्तच होतंय." मी ती ओळ तशीच ठेवली.

त्याच्या बायकोने त्यानंतर माझ्याशी बोलणं सोडलं. ते मला लागलं, अजून लागतं. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही मला माहीत आहे.

पुढच्या मार्चमध्ये तो मला किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये भेटला. बर्फ वितळून चिखल झाला होता. डोक्यावर टोपी नव्हती, एकदम म्हातारा दिसला.

"तू मला आधी सांगू शकली असतीस," तो म्हणाला.

"हो, सांगू शकले असते," मी म्हटलं, आणि सामान गाडीत ठेवून घरी आले.